खालच्या कार्डाला कुंकू

हर्षानं कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला आणि बाहेरून कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून लगेच खिडकीकडे नजर टाकली. स्क्रीनवर तीच लाल पट्टी होती. पोर्ट नॉट फाउंड. काट्यावर कापसानं भरलेली गाडी उभी होती. भिंतीवरच्या डब्यात तिचं वजन लाल आकड्यांत दिसत होतं, पण तिथून ते कम्प्युटरात यायला तयार नव्हतं. कम्प्युटरात आल्याशिवाय छापील पावती निघत नाही, आणि हातानं लिहिलेली पावती कापूस घेणारे जिनिंगवाले हातातसुद्धा धरत नाहीत.

"काय झालं वं?" खिडकीतून नत्थुजींनी डोकं आत घातलं. गाडी त्यांच्या कापसाची होती. पहाटे पाचला भरून निघाले होते बिचारे.

"थांबा काका, पाहून राहिली."

तिनं कम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला. तेच. मागची वायर काढून फुंकली, परत लावली. तेच. तिसऱ्यांदा ती खाली वाकली तेव्हा दारातून बाबांचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता. पंजाबराव फोनवर बोलत होते.

"गोपाल, अरे बापा, मशीन बंद पडली. काटा तं वजन दाखवून राहिला, पन तुया कम्प्युटरात येऊन नाही राहिलं. निंगाला का तू? बरं बरं. ये मंग. नाही नाही, हात नाही लावू देत कोनाले."

कोनाले. खोलीत हर्षाशिवाय दुसरं होतं कोण? पाच फुटांवर बसलेल्या पोरीला एका शब्दानं विचारलं नाही, आणि शंभर किलोमीटरवरच्या पोराला फोन.

"बाबा, मी पाहून राहिली नं."

"पाह्य. पन खोलू नको. दोन घंट्यात येते तो."

आता हेही सांगून टाकलं पाहिजे, की हर्षाला भावाचा हेवा वाटायचा. ती स्वतःशी कबूल करायची नाही, पण होतं ते होतं. अकोल्याहून बार्शीटाकळीला जाणाऱ्या रस्त्यावर हा धर्मकाटा आहे. पंजाबरावांचा पूर्वी इथं भाजीचा मळा होता. बाजारात हातकाट्यावर त्यांची वांगी, त्यांची मेथी आयुष्यभर मापात मारली गेली, म्हणून म्हातारपणी त्यांनी हट्टानं अर्धा मळा विकून हा काटा बसवला. सुईभर फरक पडू देणार नाही म्हणाले. त्याच वर्षी हर्षा शेंदूरजनाघाटच्या सासरहून कायमची परत आली. तीन वर्षांचा संसार, पुढे कागदोपत्री सुटका. आल्याच्या आठव्या दिवशी ती काट्याच्या खोलीत खुर्चीवर बसली, ती आज अकरा वर्षं बसलेली होती.

अकरा वर्षांत किती गाड्या चढल्या-उतरल्या याची मोजदाद नाही. पण कोणी नवा माणूस आला की पंजाबराव त्याला खोलीत आणायचे आणि कम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमच्या गोपालनं बसवेल हाय हे सारं." गोपाल तेव्हा शिकत होता, दोन दिवसांसाठी आला होता. दोन दिवस! पुढे तो अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात लागला, मशीनींचे कम्प्युटर सांभाळायला. त्याचा पदवीचा फोटो काट्याच्या खोलीत, बरोबर हर्षाच्या डोक्यावर टांगलेला होता. नवा माणूस आधी फोटो पाहायचा, मग खाली तिच्याकडे पाहून म्हणायचा, "बाई, पावती द्या."

आणि आज तर सगळाच निकाल लागायचा होता. दिवाळीत गोपालनं एक टूम काढली होती. काट्यावर कॅमेरे लावायचे, गाडीचा नंबर आपोआप वाचला जाईल, पावती आपोआप निघेल, खोलीत कोणी बसायची गरजच नाही. "ताईनं किती दिवस धूळ खावाव? आमच्याकडे येऊन राह्यजो म्हना अमरावतीले." पंजाबराव म्हणाले होते, पाडवा होऊ दे, मग ये, ठरवून टाकू. म्हणून तो आज तसाही निघणारच होता. भावजय स्वभावानं चांगली आहे, प्रश्न तो नाही. पण भावाच्या घरी वटाणे सोलत बसलेली आपण, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की हर्षा उगाचच कालच्या पावत्या पुन्हा मोजायला घ्यायची. आणि नेमक्या आजच्याच दिवशी ही मशीन मेली. आता कोणाचं म्हणणं खरं ठरणार होतं, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

पंजाबराव रांगेतल्या गाड्यांकडे गेले. हर्षानं खोलीचं दार लोटलं आणि ड्रॉवरमधून पेचकस काढला.

आधी वायर काढली. खिडकीच्या गजाला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, फोनवर पाहून पाहून ती शिकली होती. कॅबिनेटचं झाकण काढलं तर पंख्याला कापसाची बोटभर दाढी आलेली. आत दोन कार्डं, एकाखाली एक. कामाचं होतं ते खालचं. काट्याची वायर पाठीमागून त्यालाच येऊन लागायची. वरचं जळकं, ते मूळचं गोपालनं बसवलेलं. साडेतीन-चार वर्षांपूर्वी मृगात वीज पडली तेव्हा जळालं. तिनं ते तिथंच ठेवलं होतं, कारण काढलं तर पाठीमागची खाच उघडी पडते आणि पाल शिरते.

त्या वेळी पंजाबराव अमरावतीच्या दवाखान्यात होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. गोपाल त्यांच्याजवळ होता. हर्षानं एकटीनं अकोल्याला जाऊन नवं कार्ड आणलं, एकटीनं बसवलं, संध्याकाळी पहिली पावती निघाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बापाला तिनं सगळं सांगितलं. वरचं जळालं बाबा, मी नवं आणलं, खालच्या खाचेत बसवलं, चालून राहिलं. बाबा ऐकत होते की झोपले होते कोण जाणे. शेवटी म्हणाले, "गोपालले विचारलं का?" ती नाही म्हणाली. "हं," म्हणून ते कुशीवर वळले.

ते 'हं' तिच्या घशात चार वर्षं अडकलेलं होतं.

तिनं खालच्या कार्डाचा स्क्रू काढला, दोन्ही टोकं धरून कार्ड हलकेच ओढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. कार्डाच्या कडेवर लाल ठिपके होते. चार. एकाशेजारी एक, बोटाच्या टोकाएवढे. पहिले तीन गोल आणि सुबक, चौथा पसरलेला. त्या चौथ्यातून एक लाल ओघळ निघून कार्डभर उतरला होता आणि खालच्या सोनेरी दातांवर त्याची खपली धरली होती.

तिनं नखानं खरवडून पाहिलं. कुंकू! ओलं कुंकू लावलेलं.

अवं माय. म्हणजे दसऱ्याला बाबा हे उघडतात? ती दरवर्षी त्या दिवशी सकाळी घरी पुरणाच्या मागे असायची, आणि बाबा एकटेच ताट घेऊन काट्यावर यायचे. काट्याला झेंडूची माळ, भिंतीवरच्या डब्याला हळदकुंकू, कम्प्युटरच्या झाकणावर आपट्याची पानं, इतकं तिला माहीत होतं. पण म्हातारा चक्क कॅबिनेट आडवं पाडून, स्क्रू काढून आतल्या कार्डाला टिळा लावतो, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. यंदा हात हलला असणार, पाणी जास्त झालं असणार. दातांवर गेलं, वाळलं, तीन-साडेतीन आठवडे कसंबसं चाललं आणि आज थांबलं.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बाबा कोणाच्या कार्डाची पूजा करतात? त्यांच्या लेखी हे सगळं गोपालनं बसवलेलं. तेच तर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आणलं मी, बसवलं मी, चार वर्षं त्यावर पावत्या काढल्या मी, आणि टिळा गोपालच्या नावाचा.

पण हातात काम होतं. तिनं पेन्सिलींच्या डब्यातला खोडरबर घेतला आणि सोनेरी दात एकेक करून घासले, पुढून, मग मागून. रबराचा चुरा गुलाबी होऊन पडत राहिला. जुन्या टूथब्रशनं खाच साफ केली. वरचे ठिपके मात्र तिनं पुसले नाहीत. देवाचं म्हणून नसेल, रागानंच असेल, पण नाही पुसले. कार्ड परत खाचेत बसवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, स्क्रू लावला, वायर लावली, बटण दाबलं.

लाल पट्टी गेली. नत्थुजींच्या गाडीचं वजन स्क्रीनवर हिरव्या आकड्यांत येऊन उभं राहिलं.

अर्ध्या तासाचं काम. ती खुर्चीतून उठली, दाराकडे गेली, तोंड उघडलं होतं. "बाबा" एवढा शब्द ओठांवर आला होता. बाहेर पंजाबराव नत्थुजींना आणि मागच्या दोघा-तिघा गाडीवाल्यांना सांगत होते.

"काय चिंता नोका करू. गोपाल आला का दोन मिन्टात करते. त्याच्या हाताले जस हाय. त्यानंच तं बसवेल हाय."

"अन् हर्षाबाई?" नत्थुजींनी विचारलं.

"ते बसते नं, पावत्या फाडते."

पावत्या फाडते.

हर्षा दारातून मागे आली. तिनं जे केलं ते रागाच्या भरात केलं असं म्हणता येणार नाही, कारण तिनं ते अगदी सावकाश केलं. कम्प्युटर बंद केला. वायर काढली. कार्डाचा स्क्रू सैल केला आणि कार्डाचं पाठीमागचं टोक खाचेतून तांदळाच्या दाण्याएवढं वर उचललं. पाहणाऱ्याला बसलेलं दिसावं, पण बसलेलं नसावं, असं. मग स्क्रू लावला, झाकण लावलं, कम्प्युटर सुरू केला. लाल पट्टी परत आली.

येऊ दे त्याला. बसू दे घाम गाळत. सगळ्यांच्या देखत हात टेकू दे, मग मी उठीन आणि एका अंगठ्यानं करीन. मग पाहू कोण पावत्या फाडतं आणि कोण काय करतं.

गोपाल यायला पावणेदोन तास लागले. तोपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि रांगेतल्या मागच्या दोन गाड्या वळून पुढच्या काट्याकडे निघून गेल्या. पंजाबराव रस्त्यापर्यंत त्यांच्यामागे गेले, हात वर करून काहीतरी म्हणाले, आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभे राहिले. हर्षानं खिडकीतून ते पाहिलं. नत्थुजी मात्र गेले नाहीत. गाडीच्या सावलीत बसून भाकर खात होते.

"तुमी बी जा नं काका तिकडं," ती म्हणाली. "इथं कायले खोळंबता?"

"अकरा वर्षं झाले, दुसऱ्या काट्यावर नाही चढलो," नत्थुजी म्हणाले. "आता काय चढतो? खाय भाकर."

तिनं भाकर घेतली नाही.

गोपाल आला तो संत्र्याची पेटी घेऊन, घामाघूम, हसत.

"ताई, काय म्हणते तुयी मशीन?"

"तुयीच हाय नं ते," हर्षा म्हणाली आणि खुर्ची सोडून भिंतीला टेकली.

त्याला टोमणा कळला नाही, किंवा कळून त्यानं सोडून दिला. तो बसला. आधी त्यानं यादी उघडून पाहिली, कार्डाचा कुठं पत्ता नाही. ड्रायव्हर गेला असेल म्हणाला. लॅपटॉपमधून ड्रायव्हर काढून टाकला, पुन्हा टाकला, मशीन बंद, मशीन सुरू. नाही. दुसरा टाकला. नाही. वीस मिनिटं झाली, पस्तीस झाली. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली. हर्षा हाताची घडी घालून उभी होती, आणि लबाडी कशाला करा, पहिली दहा-पंधरा मिनिटं तिला फार बरं वाटलं. मग कमी कमी वाटत गेलं. बाहेर नत्थुजी उठून गाडीभोवती फेऱ्या मारत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले होते.

"सॉफ्टवेअरचं नाही वाटत," गोपाल म्हणाला. "खोलून पाहा लागते."

तिनं पेचकस पुढे केला.

गोपालनं झाकण काढलं, आत डोकावला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला आणि वरच्या कार्डाला हात घातला. स्क्रू काढून त्यानं ते ओढलंही.

"ते नाही रे," दारातून पंजाबराव म्हणाले.

"काय बाबा?"

"ते वरचं नाही. ते मेलेलं हाय. तुयं व्हय ते, ईज पडली तवाच गेलं. खालचं पाह्य. हर्षानं बसवेल हाय ते."

हर्षाची हाताची घडी सुटली.

गोपालनं हातातल्या कार्डावर फुंकर मारली. धूळ उडाली आणि कडेवर ओळीनं ठिपके दिसले, जुने, तपकिरी पडलेले. "हे डाग कायचे?"

"कुंकू व्हय," पंजाबराव आत आले. "सात दसरे लावलं तुयाले. मेल्यावर काहून लावू? मंग हर्षाच्याले लावून राहिलो. चार झाले."

"बाबा, तुमी हे खोलता?"

"दसऱ्याले खोलतो. तूनंच तं दाखवलं होतं, का बा या पट्टीतूनच वजन येते, बाकी सारा डब्बा हाय म्हून. मंग पूजा कोनाची करू? डब्ब्याची?"

हर्षा भिंतीपासून पुढे आली. "तुमाले मालूम होतं? का ते माह्यं हाय म्हून?"

"आता हे पाह्य! तूनंच तं सांगतलं दवाखान्यात. खालच्या खाचीत बसवलं म्हनं." पंजाबराव तिच्याकडे आश्चर्यानं पाहायला लागले. "पट्टी माह्या डोळ्याले होती वं, कानाले नव्हती."

"मंग लोकायले काहून सांगता सारखं, गोपालनं बसवलं, गोपालनं बसवलं?" आवाज चढला तिचा. बाहेर नत्थुजी फिरायचे थांबले. तिला त्याची पर्वा नव्हती. "सकाळी काय म्हटलं तुमी? पावत्या फाडते म्हटलं. अकरा वर्षं फाडूनच राहिली का मी?"

पंजाबरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"तो दूर हाय," ते म्हणाले. "नाव नाही घेतलं तं इथं काय राहीन त्याचं? तू तं समोर बसेल हाय. तुयं काय नाव घ्याव?"

एवढंच. पुढं त्यांना काही सांगायचं नव्हतं, आणि यात सांगण्यासारखं काय होतं हेही त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

गोपाल तोपर्यंत खालच्या कार्डापाशी वाकला होता. कार्डाचं उचललेलं टोक त्याच्या बोटाला लागलं असावं, कारण त्याचा हात तिथं थांबला. मग त्यानं कॅबिनेटच्या तळावर बोट टेकवलं आणि वर घेऊन उजेडात पाहिलं. बोटाच्या टोकाला गुलाबी चुरा लागला होता. रबराचा, ताजा.

त्यानं हर्षाकडे पाहिलं. हर्षानं त्याच्याकडे पाहिलं. आता हा बोलणार. बोलेल तर बरोबरच बोलेल, आणि बाबा ऐकतील, आणि बाहेर नत्थुजी ऐकतील. तिनं मान खाली घातली नाही. तेवढाच एक ताठा उरला होता.

गोपालनं बोट पँटला पुसलं आणि खुर्चीवरून उठला.

"माह्याच्यानं नाही होत, बाबा," तो म्हणाला. "तिच्या हातचं हाय ते, तिलेच जमन. ताई, पाह्य बरं तूच."

हाच तो क्षण होता, ज्याच्यासाठी तिनं सगळं केलं होतं. सगळ्यांच्या देखत, एका अंगठ्यानं. ती खाली बसली. स्क्रू सैल केला, कार्डावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली तो चौथा, पसरलेला टिळा होता. तिनं दाबलं. टक् असा बारीक आवाज आला. बटण दाबताना तिनं कोणाकडे पाहिलं नाही.

हिरवे आकडे आले.

"पाह्यलं!" पंजाबरावांनी मांडीवर थाप मारली. "पाह्यलं का गोपाल? इंजिनियर हरला नं?" आणि मग हर्षाकडे वाकून, "काय झालं होतं वं त्याले?"

त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटं आपोआप हलत होती, बारीक, न थांबता. हे कधीपासून? रोज समोर असणाऱ्या माणसाकडे पाहायचं तिचंही राहून गेलं होतं.

"धूळ," हर्षा म्हणाली.

"धूळ? एवढ्याशा धुळीनं?"

"कापसाचे दिवस हायेत, बाबा."

पंजाबरावांना ते पटलं. ते बाहेर जाऊन रांगेतल्या उरल्यासुरल्या गाड्यांना ओरडून सांगायला लागले की झालं, हर्षानं केलं, लावा गाड्या. हे शब्द ऐकायला ती अकरा वर्षं थांबली होती, आणि आता तिला कान झाकून घ्यावेसे वाटत होते.

गोपाल लॅपटॉप पिशवीत घालत होता. "ते कॅमेऱ्याचं काय करायचं?" पंजाबराव दारातून म्हणाले. "ठरवून टाकू म्हटलं होतं."

"मले काय इचारता? ताईले इचारा. ज्याची मशीन त्यानं ठरवाव."

जाताना तो तिच्या खुर्चीजवळ थांबला. तिला वाटलं, आता बोलेल. त्यानं पेटीतलं एक संत्रं काढून कीबोर्डजवळ ठेवलं.

"रबरानं घासलं का चुरा झटकून टाकत जाजो, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "तो बी अडकते खाचीत."

"गोपाल—"

"आमच्या घरी ये एखांदी बार, अमरावतीले. राह्याले नाही, तशीच." आणि तो गेला.

नत्थुजींची पावती छापून निघाली तेव्हा सव्वा वाजला होता. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वजन पाहिलं.

"गोपालभाऊनं केलं का तुनं केलं?"

"मीच बिघडवलं अन् मीच केलं, काका," हर्षा म्हणाली. "तुमचा फुकटचा खोळंबा झाला."

नत्थुजी मोठ्यानं हसले. पोरगी मोठी गमतीची आहे, असं त्यांना वाटलं असावं. ती हसली नाही, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. गाडी काट्यावरून उतरली, दुसरी चढली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं भिंतीवरचं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर उतरवलं. दिवाळीत कोण्या बियाणेवाल्यानं दिलेलं होतं, अजून कोरं. तिनं पानं उलटली, दसरा शोधला. त्याच्या पुढच्या दिवसाच्या चौकोनात, म्हणजे बाबांचा टिळा लागून गेल्यावर, तिनं बारीक अक्षरात लिहिलं : खोडरबर, ब्रश. मग त्याच अक्षरात खाली अजून एक शब्द घातला : एकटीनं.

"काय लिहून राहिली वं?" पंजाबराव बाजेवरून म्हणाले. ते संत्रं सोलत होते. साल सारखी बोटांतून निसटत होती.

"काई नाही. सामान आणाचं हाय थोडं."

तिनं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं, त्यांच्या हातातलं संत्रं घेतलं आणि सोलून एकेक फोड त्यांच्या तळहातावर ठेवायला लागली.